घटिकापात्र, घंटा आणि बाड : नित्यनेमाच्या साधनांचा विचार

मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांत लढाया, तह, वतनें आणि वंशावळी यांचीं कागदपत्रें विपुल सांपडतात. परंतु सामान्य गृहस्थ दिवसाच्या कोणत्या घटकेस देवापुढें बसत असे, ती घटका आली हें त्यास कसें कळे, आणि एकदां धरलेला नेम वर्षानुवर्षें कसा टिके, ह्या प्रश्नांकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. कारण उघड आहे. रोज घडणारी गोष्ट कोणी टिपून ठेवीत नाहीं. मोडली तरच तिची नोंद होते. तथापि नेमाचीं साधनें मागें राहतात. बुडाशीं बारीक छिद्र असलेलें तांब्याचें पात्र, देवळांत टांगलेली घंटा, गोमुखींतील माळ, हळदकुंकवानें माखलेलें बाड, ह्या वस्तु बोलक्या आहेत. त्यांस विचारणारा मात्र पाहिजे. आज प्रार्थनेची वेळ झाली हें सांगणारा मोबाइल ज्याच्या त्याच्या खिशांत असून, यंत्रानें नेम लागतो किंवा कसें याची चर्चा पुष्कळ चालते. ही चर्चा नवी नाहीं, आणि तिचा बराचसा पुरावा आपल्याच संग्रहांत पडलेला आहे. तो पुरावा असें सांगतो, कीं उपकरण एकटें कधींच नव्हतें. त्यामागें एक माणूस बसविलेला असे, व त्या माणसामागें कोणीतरी लावून दिलेली तरतूद असे. हा माणूस जसजसा दूर झाला तसतसा त्याचा भार उपासकावर पडत गेला.

प्रथम भाषेची साक्ष घेऊं. ‘किती वाजले?’ असें आपण विचारतों. काळ हा आपल्याकडे डोळ्यांनीं पाहावयाचा नसून कानांनीं ऐकावयाचा होता, हें ह्या एवढ्याशा प्रश्नांत साठवून राहिलें आहे. ‘प्रहर’ हा शब्द ‘हृ’ धातूस ‘प्र’ उपसर्ग लागून झालेला असून त्याचा मूळ अर्थ ठोका असा आहे. ‘तास’ हा फार्सी शब्द मुळांत धातूच्या भांड्याचा वाचक. असें भांडें ठोकून वेळ सांगत, म्हणून भांड्याचें नांव कालमानास चिकटलें. ‘घटका भरली’ हा प्रयोग आज आपण मनुष्याच्या अंतकाळास लावतों. त्याचा मूळ अर्थ पात्र पाण्यानें भरून बुडालें एवढाच आहे. सर्वांत बोधप्रद गोष्ट ‘घड्याळ’ ह्या शब्दाची. ‘घडियाल’ म्हणजे टांगून वाजवावयाची धातूची जाड थाळी, आणि ती वाजविणारा तो घडियाली. पुढें युरोपांतून यंत्र आलें, तें आपलें आपण वाजूं लागलें, आणि त्यानें थाळीचें नांव घेतलें. घडियाली मात्र आपल्या नांवासकट लोपला. आज ‘घड्याळजी’ म्हणून जो उरला आहे तो यंत्र दुरुस्त करणारा. वेळ राखणारा नव्हे.

आतां घटिकापात्राकडे वळूं. अहोरात्राच्या ६० घटिका, घटिकेचीं ६० पळें. म्हणजे घटिका आजच्या २४ मिनिटांची. सूर्यसिद्धांताच्या तेराव्या अध्यायांत हें पात्र सांगितलें आहे : तांब्याचें, बुडाशीं छिद्र असलेलें, निर्मळ पाण्याच्या कुंडांत सोडावयाचें, व अहोरात्रांत ६० वेळां बुडणारें. भागवताच्या तृतीय स्कंधांत त्याचें अधिक बारकाईचें माप आहे. पात्र सहा पलें वजनाचें असावें, आणि चार मासे सोन्याची चार अंगुळें लांब सळई करून तिनें छिद्र पाडावें, असें तेथें म्हटलें आहे. हीं मापें वाचून आपणांस धन्यता वाटते. परंतु भास्कराचार्यांस ती वाटली नाहीं. सिद्धांतशिरोमणीच्या यंत्राध्यायांत त्यांनीं घटीयंत्राविषयीं अगदीं रोखठोक सांगितलें आहे. तांब्याचें, अर्ध्या घटाच्या आकाराचें पात्र करावें, त्यास छिद्र पाडावें, आणि अहोरात्रांत तें किती वेळां बुडतें हें मोजून त्या संख्येनें अहोरात्रास भागावें, म्हणजे त्या पात्राचें मान निघतें. ठरावीक वजनाच्या व मापाच्या पात्राचा आग्रह त्यांस युक्तिशून्य वाटला. शके १०७२ (इ. स. ११५०) मधील हा विचार आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्यांतील प्रयोगनिष्ठा मनांत भरते. प्रस्तुत विषयास त्याचा उपयोग असा, कीं पात्र शास्त्रोक्त असल्यानें नव्हे, तर कोणीतरी अहोरात्र त्याजवळ बसून मोजल्यानें भरंवशाचें ठरतें, ही गोष्ट जुन्या ज्योतिष्यांस पूर्ण ठाऊक होती.

आणि बसावें लागेच. पात्र बुडालें कीं तें काढून, रिकामें करून, पुन्हां सोडावयाचें. रात्रीं डुलकी लागली तर दोन घटिकांची एक होते. पाण्यांत गाळ असेल तर छिद्र कोंदतें. हिवाळ्यांत पाणी गार झालें म्हणजे तें बारीक छिद्रांतून सावकाश शिरतें व घटिका लांबते. तांब्यावर कीट चढतें. तें घासून काढतांना छिद्राची कड झिजून घटिका आंखूड होते. आपल्याकडे लग्नांत घंगाळांत घटिकापात्र सोडून मुहूर्त साधीत. तेथें दहापांच घटिकांचा प्रश्न असल्यानें ज्योतिष्यानें लक्ष दिलें कीं भागे. देवळांत किंवा मठांत हें काम नित्य चालवावयाचें म्हणजे त्यास माणसें नेमणें भाग होतें.

ह्या नेमणुकीचें सर्वांत जुनें स्पष्ट वर्णन एका परकीयानें लिहून ठेवलें आहे. चिनी यात्रिक इत्सिंग इ. स. ६७१ सालीं स्वदेशाहून निघाला व पुढें नालंदा येथें सुमारें दहा वर्षें राहिला. त्याच्या ग्रंथाचें ताकाकुसु यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर १८९६ सालीं ऑक्सफर्ड येथें प्रसिद्ध झालें. हिंदुस्थानांतील मोठ्या विहारांत जलघटिका असत, आणि त्या, त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या मुलांसह, अनेक पिढ्यांच्या राजांनीं विहारांस दान दिलेल्या असत, असें तो सांगतो. पात्र एकदां बुडालें कीं नगाऱ्याचा एक ठोका, दोनदां बुडालें कीं दोन. चौथ्या बुडीस चार ठोके होऊन वर शंखाचे दोन ध्वनि व आणखी एक ठोका, असा क्रम त्यानें दिला आहे. महाबोधि व कुशिनगर येथील पात्रें निराळ्या मापाचीं असून सकाळपासून मध्याह्नापर्यंत तीं सोळा वेळां बुडत, हेंही त्यानें टिपलें आहे. भिक्षूंस मध्याह्नानंतर भोजन वर्ज्य असल्यामुळें ही मोजणी केवळ सोयीची नव्हती. तिजवर व्रत अवलंबून होतें. राजानें नुसतें भांडें दिलें नाहीं, भांड्याबरोबर माणूस दिला, हें आपल्या दृष्टीनें महत्त्वाचें. सर्व धर्मांत हें दिसतें. दमास्कसच्या उमय्या मशिदींत नमाजाच्या वेळा ठरविण्यास ‘मुवक्कित’ नांवाचा स्वतंत्र अधिकारी असे. इब्न अश्-शातिर (मृत्यु १३७५) हा विख्यात ज्योतिषी त्याच पदावर होता व त्यानें त्या मशिदीसाठीं मोठें छायायंत्र केलें.

घडियाल्यांविषयीं बाबरानें आपल्या आत्मचरित्रांत जें लिहिलें आहे तें तर नित्यनेमाच्या इतिहासांत सोन्याच्या मोलाचें आहे. हिंदुस्थानांत नगरोनगरीं घडियाली असत. ते घटिकांचे ठोके देत व प्रहर संपला म्हणजेच प्रहराची खूण वाजवीत. त्यामुळें रात्रीं जागा झालेल्या मनुष्यास तीन किंवा चार ठोके ऐकूं आले तर ते दुसऱ्या प्रहराचे कीं तिसऱ्या, हें कळेना. म्हणून रात्रीं व अभ्राच्छादित दिवशीं घटिकेच्या ठोक्यांमागून प्रहराचीही खूण द्यावी, असा हुकूम बाबरानें केला. सूर्योदयापूर्वी चार घटिकांपासून दोन घटिका हा ब्राह्ममुहूर्त. त्यास उठूं इच्छिणाऱ्यास अंधारांत अंथरुणावर पडल्या पडल्या नेमकी हीच अडचण येत असली पाहिजे. त्याच ठिकाणीं एका पळाचें मान सांगतांना, बिस्मिल्लासह ‘कुल हुवल्लाह’ सुमारें आठ वेळां म्हणावयास लागेल एवढा अवधि, असें बाबर म्हणतो. येथें प्रार्थनेनें काळ मोजला आहे! आपल्याकडील वृद्ध स्त्रिया अमुक पदार्थ दोन रामरक्षा होईपर्यंत शिजूं द्यावा असें सांगत, त्याच जातीचें हें मोजमाप आहे. ज्याचा पाठ रोजचा व एकाच लयीचा, त्याच्यापाशीं घटिकापात्र नसलें तरी अडत नसे.

संध्येच्या बाबतींत एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. प्रातःसंध्या तारे दिसत असतांना उत्तम आणि सायंसंध्या सूर्य असतांना उत्तम, असें स्मृतिकारांचें मत. त्यानंतर मध्यम व कनिष्ठ अशा पायऱ्या आहेत. वेळ टळली तर प्रायश्चित्तार्घ्य म्हणून एक अर्घ्य अधिक द्यावें आणि संध्या करावीच. म्हणजे नेम चुकण्याची सोय नेमांतच करून ठेविली आहे. दंड इतका अल्प कीं तो भरतां यावा, आणि इतका निश्चित कीं विसर पडूं नये. हें ज्यांनीं योजिलें त्यांस मनुष्यस्वभाव चांगला कळत होता, असें माझें मत आहे.

मराठी मुलखांत नित्य उपासनेची वेळ गांवाला कळविण्याचें काम मुख्यतः गुरवाचें. तो बलुतेदार; देऊळ झाडणें, पूजा करणें, तिन्हीसांजेला दिवा लावणें आणि वाद्य वाजविणें हें त्याच्या कामांत येई, व त्याबद्दल त्यास गांवच्या पिकांतून हक्क मिळे. मोठ्या देवस्थानांत नगारखाना व चौघडा असे. देवस्थानांच्या सनदा व इनामपत्रें ज्यांनीं चाळलीं आहेत त्यांस ‘पूजा, नैवेद्य, नंदादीप’ हे शब्द तोंडपाठ असतील. आपण ते ठराविक साचा म्हणून ओलांडून पुढें जातों व इनामाच्या बिघ्यांकडे पाहतों. परंतु नीट पाहिलें तर ते बिघे हेंच नित्यनेमाचें खरें यंत्र होतें. नंदादीपास रोज तेल लागतें, तें कोणत्या जमिनीच्या उत्पन्नांतून यावें व कोणी घालावें, हें एकदां लिहून दिलें म्हणजे घालणाऱ्याच्या त्या दिवसाच्या लहरीवर दिवा अवलंबून राहत नाहीं. पंढरपूरचें उदाहरण सर्वांस परिचित आहे. काकड आरतीपासून शेजारतीपर्यंतचे विठ्ठलाचे नित्योपचार बडव्यांबरोबर पुजारी, बेणारी, परिचारक, हरदास, डिंगरे, दिवटे व डांगे अशा सात सेवाधाऱ्यांत वांटलेले होते. पाणी आणणारा एक, मंत्र म्हणणारा दुसरा, आरसा दाखविणारा तिसरा, दिवटी धरणारा चौथा. ह्या वांटणीमुळें तंटे झाले, आणि १९७३ च्या कायद्यानें व २०१४ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें हे वंशपरंपरेचे हक्क संपले. त्यांच्या न्यायान्यायाचा विचार येथें कर्तव्य नाहीं. इतकेंच पाहावयाचें कीं एका माणसाच्या हातांत संपूर्ण नेम दिलेला नव्हता. एकजण चुकला तर दुसरा अडून बसे, व चूक लगेच उघडी पडे.

ज्याचा नेम कोणी पाहत नाहीं व ज्याचें काम मात्र सर्व राज्य पाहतें, अशा मनुष्याचें काय? येथें थोरल्या माधवराव पेशव्यांची ती कथा आठवते. १७६१ सालीं सोळाव्या वर्षीं गादीवर आलेल्या ह्या तरुणास जपाचा छंद लागला. रामशास्त्री प्रभुणे कामासाठीं आले असतां श्रीमंत जपास बसलेले. शास्त्रीबोवा परत गेले आणि दुसरे दिवशीं काशीस जाण्याचा निरोप मागूं लागले. ब्राह्मणधर्म पाळावयाचा तर राज्य सोडून दोघेही काशीस जाऊं, राज्य करावयाचें तर प्रजापालन हीच उपासना, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. ग्रँट डफनें १८२६ च्या आपल्या इतिहासांत ही हकीकत दिली असून पुढें ती सर्वतोमुखी झाली. तिचा रंग काळानें गडद केला असणें शक्य आहे. पण एक व्यावहारिक सत्य तिच्यांत आहे : नेमास जागा द्यावयाची तर दुसऱ्या कोणाच्या तरी वेळेंतून ती काढावी लागते, आणि तो दुसरा बाहेर ओसरीवर ताटकळत असतो.

आतां घंटेचा विचार करूं, कारण तिच्या बाबतींत महाराष्ट्रांत एक असें स्थित्यंतर घडलें कीं त्याचे अवशेष आपण हातांनीं चांचपूं शकतों. गोमंतकांत व उत्तर कोंकणांत पोर्तुगीजांबरोबर ख्रिस्ती देवळांची घंटा आली. सकाळ, मध्यान्ह आणि सायंकाळ अशा तीन वेळीं ‘आंजेलुस’ची घंटा होई व ऐकणारा जेथें असेल तेथें थांबून प्रार्थना म्हणे. आपल्या त्रिकालसंध्येशीं ही व्यवस्था किती मिळती आहे हें सांगणें नको. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमधील ‘सुवर्णघंटा’ प्रसिद्ध आहे; ती १६५२ सालीं कुंकळ्ळी येथें ओतली गेली. प्रार्थना काय म्हणावी हें शिकविण्यास छापखान्याचें साहाय्य होतें. गोव्यांत मुद्रणयंत्र १५५६ सालीं आलें, व फादर स्टीफन्स यांची देशभाषेंतील ‘दौत्रिना क्रिस्तां’ त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ सालीं राचोल येथें छापली गेली. ह्याच स्टीफन्सच्या मराठी क्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ सालच्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो भाविकांनीं हातानें उतरून घेतलेल्या प्रतींमुळें, आणि सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें तो छापला तोही हस्तलिखितांच्याच आधारें. यंत्रापेक्षां नेम अधिक टिकाऊ ठरल्याचें याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाहीं.

१७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसई घेतली. त्या मोहिमेंत हातीं आलेल्या घंटा पुढें देशावरील देवळांत टांगल्या गेल्या, असें परंपरा सांगते. भीमाशंकर, नाशिकचें नारोशंकराचें देऊळ, वाईजवळ मेणवलीचा घाट, ह्या ठिकाणच्या घंटा सर्वांनीं पाहिलेल्या आहेत. मेणवलीच्या घंटेचें साल १७०७ सांगतात. ह्यांची चर्चा आपल्याकडे विजयचिन्हें म्हणूनच होते, व तें योग्यही आहे. परंतु विजयाबरोबर ह्या घंटांचें काम बदललें, ह्याकडे कोणी लक्ष देत नाहीं. चर्चची घंटा उंच मनोऱ्यांत असते. ती एक नेमलेला सेवक ठराविक वेळीं वाजवितो व सर्व गांव ऐकतो. देवळाची घंटा हाताच्या अंतरावर असते. आरतीच्या वेळची गोष्ट वेगळी, पण एरव्हीं ज्याचा तो आल्यावर वाजवितो. पहिली म्हणते, वेळ झाली, या. दुसरी म्हणते, मी आलों. घंटा तीच, ओतीव अक्षरें तींच, परंतु काळ सांगणारें उपकरण येथें उपस्थिति सांगणारें झालें. आपल्याकडे वेळ सांगण्याचें काम घंटेस लागलेंच नव्हतें. तें गुरवाच्या वाद्यास व चौघड्यास लागलेलें होतें. म्हणून मोकळ्या हातानें आलेल्या ह्या पाहुणीस आपण दुसरें काम दिलें.

एकोणिसाव्या शतकांत पंचांग छापलें गेलें आणि घड्याळ घरांत आलें, तेव्हां हा सर्व जुना मांड हलला. गणपत कृष्णाजींनीं १८४१ सालीं मराठी पंचांग छापलें. छापील कागदास शिवावें कीं नाहीं याबद्दल तेव्हां सोंवळ्या मंडळींत शंका होती. ‘मुंबईचें वर्णन’ (१८६३) लिहिणाऱ्या गोविंद नारायण माडगांवकरांनीं तिचा उल्लेख केला आहे. शाईंत चरबी नको म्हणून धर्मग्रंथांसाठीं तुपाची शाई केली, ही हकीकतही प्रसिद्ध आहे. निर्णयसागर छापखाना १८६९ सालीं निघाला, आणि संध्या, स्तोत्रें, सहस्रनामें यांचीं सुबक छापील पुस्तकें घरोघर पोंचलीं. जोशी येऊन तिथि सांगे तें काम पंचांगानें घेतलें. घडियाल्याचें काम घड्याळानें घेतलें. परंतु ह्या दोहोंची सांगड कोणी घालावयाची? ती प्रत्येकानें आपली आपण घालावयाची होती, आणि येथेंच घोटाळा झाला.

मुंबईच्या राजाबाई टॉवरची आख्यायिका ह्या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. प्रेमचंद रायचंद यांनीं दोन लक्ष रुपये देऊन मातोश्रींचें नांव दिलेला हा मनोरा १८७८ सालीं पुरा झाला. मातोश्री अंध व कडक जैन होत्या, सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा त्यांचा नेम होता, आणि घड्याळाचे टोले ऐकून त्यांस तो पाळतां यावा म्हणून हा मनोरा, असें सांगतात. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. पण ती खरी धरली तरी एक अडचण आहे. मुंबईंत सूर्यास्त नोव्हेंबरअखेर सर्वांत लवकर व जुलईच्या आरंभीं सर्वांत उशिरा होतो, आणि दोहोंत सुमारें ८० मिनिटांचें अंतर आहे. मुंबईच्या तत्कालीन स्थानिक वेळेनें हिवाळ्यांत साडेपांचच्या आंत सूर्य मावळे. सहाचे टोले ऐकून जेवावयास बसणाऱ्याचा नेम कार्तिकांत रोज मोडला असता. घटिकापात्राची मोजणी सूर्योदयापासून होई, म्हणून तें सूर्याबरोबर चाले; टॉवरचें घड्याळ सूर्यास ओळखत नाहीं. घरांतील कोणीतरी पंचांग पाहून ‘आज अमुक वाजण्यापूर्वी’ असें म्हातारीस सांगितल्यावांचून त्या टोल्यांचा उपयोग नव्हता. पुन्हां माणूस आलाच!

घोटाळा येथें संपला नाहीं. मुंबईच्या वेळेहून मद्रासची वेळ सुमारें अर्धा तास पुढें; ती १८८१ सालीं सरकारनें मुंबईस लावूं पाहिली, लोकांनीं विरोध केला, व १८८३ सालीं ती मागें घ्यावी लागली. १९०६ पासून सर्व देशाची एक प्रमाणवेळ झाली, ती मुंबईच्या स्थानिक वेळेहून ३९ मिनिटांनीं पुढें. तरी मुंबई शहरांत जुनी ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत टिकून राहिली. हा हट्ट राजकीय खराच. पण घड्याळांतील बारा आणि डोक्यावरील सूर्य यांचा संबंध तुटणें हें माध्याह्नसंध्या करणाऱ्यास तरी केवळ राजकीय वाटलें नसेल. मुंबई आणि नागपूर यांत रेखांशामुळें जें अंतर पडतें तें सुमारें पंचवीस मिनिटांचें, म्हणजे जवळजवळ एका घटिकेचें. एकच प्रमाणवेळ दोहोंकडे धरली तर सूर्योदयाची वेळ गांवोगांव निराळी द्यावी लागते. १९७३ सालीं जयंत साळगांवकरांनीं काढलेल्या ‘कालनिर्णय’ दिनदर्शिकेचें यश मी अंशतः ह्यांत पाहतों : भिंतीवरच्या इंग्रजी तारखेच्याच चौकटींत तिनें तिथि, सण व सूर्योदय आणून बसविले, व घरच्या कर्त्या बाईस जोशी आणि घडियाली ह्या दोघांचेंही काम उभ्याउभ्या करतां येऊं लागलें.

वेळ कळली, तरी काय म्हणावयाचें व कोणत्या क्रमानें, हा प्रश्न उरतो. त्याचें साधन म्हणजे बाड. धुळ्याच्या सत्कार्योत्तेजक सभेनें व शंकरराव देवांनीं जमविलेल्या रामदासी साहित्यामुळें बाडांचें महत्त्व आपणांस कळलें. पण आपण त्यांकडे पाहिलें तें मुख्यतः अप्रकाशित पदें व शुद्ध पाठ मिळविण्याच्या इच्छेनें. भूपाळी, सवाई, अष्टक, आरती हें सर्व एकाच बाडांत मिसळलेलें दिसलें कीं आपण त्यास ‘संकीर्ण’ म्हणतों. पुष्कळ ठिकाणीं तें संकीर्ण नसतें. आरंभीं भूपाळ्या, मग प्रातःस्मरणें, मध्यें स्तोत्रें, शेवटीं सायंकाळचीं करुणाष्टकें, सवाया व शेजारती असा क्रम असेल, तर तो एका माणसाचा दिवस आहे. पानें उलटणें हीच त्याची घटिका. पानांच्या कोपऱ्यांस आलेला काळसर तुळतुळीतपणा कोठें अधिक व कोठें कमी आहे हें पाहिलें तर तो रोज कोठपर्यंत म्हणे व कोठें सोडून देई, हेंही कळून येतें. तेलाचा डाग बहुधा सायंकाळच्या पानांवर असतो, कारण दिवा जवळ लागे. मागाहून दुसऱ्या हातानें लिहिलेलें एखादें स्तोत्र घरांत आलेलें आजारपण किंवा नवा गुरु सुचवितें. छापील नित्यपाठांत हें कांहीं नाहीं. तेथें क्रम प्रकाशकाचा आहे.

दुःखाची गोष्ट ही, कीं नेमका हाच पुरावा सर्वांत झपाट्यानें नष्ट होतो, आणि तो भक्तीच्याच हातानें. जुनी ऐतिहासिक बखर कोणी नदींत टाकीत नाहीं. ती विकतात किंवा दडवितात. परंतु आजोबांची जीर्ण रामरक्षा, संध्येची पोथी, आरत्यांचें बाड हीं पवित्र असल्यामुळें रद्दींत घालवत नाहींत, म्हणून त्यांचें नदींत विसर्जन होतें. आमच्या संग्राहकांसही त्यांचें अगत्य नाहीं, कारण ग्रंथ सर्वश्रुत, पाठभेद क्षुल्लक, लेखक अज्ञात. याद्यांत त्यांस एक ओळ मिळते, तीही मिळालीच तर. पाठ शंभर ठिकाणीं मिळेल हें खरें. वापर त्याच एका प्रतींत आहे. घटिकापात्रांचें तर याहून वाईट. छिद्र असलेली वाटी मोडीच्या भावांत जाते, किंवा एखादा सद्गृहस्थ कल्हईवाल्याकडून तें छिद्र बुजवून घेतो.

सध्यांची स्थितिही भावी संशोधकासाठीं टिपून ठेवण्याजोगी आहे. अनेक देवळांत आरतीच्या वेळीं कळ दाबली कीं विजेवर चालणारें यंत्र नगारा, झांज व घंटा एकदम वाजवितें. मशिदींत नमाजाच्या पांच वेळा दाखविणारे विजेचे फलक दिसतात. माळेच्या जागीं बोटांत घालून अंगठ्यानें दाबावयाचें आंकडे मोजणारें यंत्र मिळतें. मोबाइल तर सूर्योदय काढतो, घंटा देतो, स्तोत्रही दाखवितो, आणि किती दिवस नेम अखंड चालला याचा हिशेबही ठेवतो. म्हणजे घडियाली, जोशी, बाड आणि मेरुमणी हीं चारही त्यांत आलीं. ह्यांत हेटाळणी करण्यासारखें कांहीं नाहीं. गणपत कृष्णाजींच्या पंचांगासही लोक शिवत नव्हते. फरक आहे तो असा, कीं गुरवाचा नगारा बंद करण्याचा अधिकार झोंपलेल्याच्या हातीं नव्हता. मोबाइलची घंटा ज्यानें लावली तोच ती मिटल्या डोळ्यांनीं बंद करतो, आणि बाहेर कोणी ताटकळत नसतें. ज्या घरांत सायंकाळीं चारजण मिळून परवचा, नमाज किंवा तेर्स म्हणतात, तेथें हें साधन चांगलें चालतें असें दिसतें, कारण तेथें घंटा एकाची व ऐकणारे अनेक आहेत.

ज्यांच्या संग्रहीं नित्यपाठाचीं बाडें व घटिकापात्रें असतील त्यांस कांहीं विनंत्या करावयाच्या आहेत. बाडाची नोंद करतांना ग्रंथनामांबरोबर त्यांचा क्रम जसाच्या तसा द्यावा, पानांची झीज व डाग कोणत्या पानांवर आहेत तें लिहावें, आणि तें पुन्हां बांधावयास देऊं नये. बांधणारा कडा कापून साफ करतो व पुरावा जातो. इनामपत्रें छापतांना ‘पूजा, नैवेद्य, नंदादीप’ यांपुढें तेलाचें, तांदुळाचें किंवा वाजंत्र्याचें प्रमाण दिलें असेल तर तें ‘वगैरे’ म्हणून गाळूं नये. घटिकापात्राचें वजन, व्यास व खोली तर घ्यावीच. शिवाय भास्कराचार्यांनीं सांगितलें तसें तें पाण्यांत सोडून पाहावें. पाणी निवळ असावें व त्याची उष्णता मोजून लिहावी. पात्र किमान दहा वेळां बुडवून प्रत्येक वेळचा अवधि सेकंदांत टिपावा. २४ मिनिटांहून कमी भरल्यास छिद्राची कड झिजली आहे काय, व अधिक भरल्यास तींत कीट बसलें आहे काय, हें भिंगानें पाहावें. मात्र कीट दिसलें तरी तें सुईनें खरवडूं नये.